बंगळुरूचं तिकीट काढण्याआधी

“ह्यांना घेऊन बंगळूरला येऊ काय?”

बंगळुरूत राहणाऱ्या मराठी माणसाला हा फोन वर्षातून एखाद-दोनदा तरी येतोच. खानापूर, निपाणी, हल्याळ, नाहीतर बेळगावजवळचं एखादं गाव. बोलणारी बहुतेक वेळा बायको किंवा भावजय. आवाज दबलेला, कारण ‘हे’ आतल्या खोलीत झोपलेले असतात. दारू हा शब्द पहिल्या पाच मिनिटांत येत नाही. ‘तब्येत बरी नाही’, ‘कामाला जाईनात’, ‘हात कापतात’ अशी वळणं घेत बोलणं तिथं पोचतं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसोपचार संस्थेचं नाव मात्र पहिल्याच मिनिटात असतं. गावाकडे त्याचं ‘निमान्स’ झालंय, आणि तिथं नेलं की माणूस दुरुस्त होऊन येतो अशी त्या नावाची ख्याती आहे.

माझं उत्तर आता ठरलेलं आहे. जरूर या, पण आधी तालुक्याला जा. ऐकणाऱ्याला ही टाळाटाळ वाटते, म्हणून ते सविस्तर सांगतो.

आधी त्या प्रवासाचंच बघू. निघायचं ठरलं की घरात त्या दिवसापासून दारू बंद होते. डॉक्टरांपुढे प्यालेल्या माणसाला कसं न्यायचं, ही साधी लाज. संध्याकाळी सहाला शेवटचा घोट, रात्री राणी चन्नम्मा एक्स्प्रेस, सकाळी बंगळुरू, मग रिक्षा, मग होसूर रोडवरच्या निम्हान्समधली रांग. नंबर लागेपर्यंत शेवटच्या घोटाला सोळा-अठरा तास झालेले असतात. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याला फिट येण्याचा धोका नेमका याच तासांत सुरू होतो.

असं का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. अल्कोहोल मेंदूचं काम मंद करतं. ते रोजच येत राहिलं की मेंदू उलट बाजूनं जोर लावून तोल राखायला शिकतो. रस्सीखेचीत एका बाजूनं दोर एकदम सोडला की दुसऱ्या बाजूची माणसं पाठीवर कोसळतात, तसं दारू एकदम थांबली की होतं. पहिल्या सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, मळमळतं, झोप लागत नाही. बारा ते अठ्ठेचाळीस तासांच्या दरम्यान काहींना फिट येते. आणि दोन ते चार दिवसांनी थोड्या जणांना भ्रम होतो. भिंतीवर किडे चालताना दिसतात, नसलेल्या माणसाशी बोलणं सुरू होतं, आपण कुठं आहोत हे कळत नाही, अंग तापतं, नाडी पळू लागते. डॉक्टर याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावू शकतो. 2020 च्या मार्चमध्ये लॉकडाउन लागला, दुकानं एका रात्रीत बंद झाली आणि कर्नाटकात थेट 4 मेला उघडली. त्या काळात बंगळुरूच्या दवाखान्यांत असे रुग्ण आले आणि निम्हान्सच्या डॉक्टरांनी त्यावर लिहिलंही. बाहेर लोक मात्र उघडलेल्या दारूच्या दुकानांपुढच्या रांगांवरचे विनोद एकमेकांना पाठवत होते.

हे सगळ्यांना होत नाही. कुणाला होऊ शकतं, याची घरच्या घरी कळणारी खूण म्हणजे सकाळचा चहा. कप धरताना हात कापतो, बशीत चहा सांडतो, आणि एक घोट दारू पोटात गेली की हात स्थिर होतो, असं असेल तर त्या माणसाची दारू घरी एकदम बंद करू नये. पूर्वी कधी दारू थांबल्यावर फिट आली असेल तर मुळीच नाही. हे लिहायला अवघड वाटतं, पण डॉक्टरांच्या दारात पोचेपर्यंत त्यानं प्यालेलं असणं हे वाटेत फिट येण्यापेक्षा बरं. उपचार करणारे डॉक्टर प्यालेला माणूस बघून दचकत नाहीत.

म्हणून पहिले पाच-सात दिवस जवळच्या दवाखान्यात. या दिवसांत करायचं काम तसं साधं असतं आणि त्याला मोठं शहर लागत नाही. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारखं औषध देऊन रस्सी हळूहळू सैल करायची, म्हणजे रोज मात्रा कमी करत न्यायची. नाडी, रक्तदाब, शुद्ध यांवर लक्ष ठेवायचं. आणि थायमिन, म्हणजे बी-वन जीवनसत्त्व, इंजेक्शनानं द्यायचं. खेड्यात ‘अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा’ असं म्हणून ग्लुकोजची बाटली चढवण्याची पद्धत आहे. जेवण सोडून नुसती दारू पिणाऱ्याच्या अंगात थायमिन जवळजवळ उरलेलं नसतं. त्यात एकदम ग्लुकोज गेलं की उरलंसुरलंही खर्च होतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. नजर फिरते, चाल बिघडते, नंतर आठवण जाते. म्हणून आधी थायमिन, मग ग्लुकोज. घरच्यांनी एवढं एक वाक्य डॉक्टरांना नम्रपणे विचारलं तरी चालेल: “बी-वनचं इंजेक्शन दिलं का?”

किती पितो, याची उत्तरं घरात नेहमी दोन असतात. त्याचं ‘थोडी’ आणि तिचं ‘दिवसभर’. डॉक्टरांना तिसरं उत्तर लागतं. आपल्याकडे दहा ग्रॅम शुद्ध अल्कोहोल म्हणजे एक माप धरतात. देशात बनणाऱ्या व्हिस्की-रमवर 42.8 टक्के असं छापलेलं असतं, त्या हिशेबानं तीस मिलीत साधारण एक माप बसतं. कर्नाटकात सगळ्यात जास्त दिसतो तो नव्वद मिलीचा कागदी डबा, त्याला सगळे ‘नाइंटी’च म्हणतात. त्यात तीन मापं. क्वार्टरमध्ये सहा. ‘दोनच नाइंटी घेतो’ म्हणणारा रोज सहा मापं घेत असतो. कर्नाटकात 1 जुलै 2007 पासून सारायी, म्हणजे आपली देशी, बंद झाली. पिणारे तेच राहिले आणि बरेचसे या स्वस्त व्हिस्कीकडे वळले. तेव्हा कितीचं उत्तर ग्लासात न देता डबे मोजून द्यावं. घरामागच्या उकिरड्यावर ते सापडतात.

आता तालुक्याला कुठं जायचं. कर्नाटकात 2014 पासून ‘मनोचैतन्य’ नावाचा कार्यक्रम आहे. जिल्ह्याचा किंवा बाहेरून बोलावलेला मानसोपचारतज्ज्ञ ठरावीक मंगळवारी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात बसतो, म्हणून त्याला सुपर ट्यूसडे क्लिनिकही म्हणतात. मंगळवार कुठला, हे रुग्णालयात फोन करून किंवा आशाताईला विचारून कळतं. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक असतं: मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक, परिचारिका. दारूचं व्यसन कायद्यानं मानसिक आजारांत मोडतं, त्यामुळे ‘आमच्याकडे फक्त वेड्यांचं बघतात’ असं कुणी म्हणालं तर ते ऐकून परत फिरू नये.

या पथकांची जन्मकथा थोडी सांगायलाच हवी, कारण ती बंगळुरूची आहे. निम्हान्स 1974 साली, जुनं मनोरुग्णालय आणि शिकवणारी संस्था एकत्र करून उभं राहिलं. पुढच्याच वर्षी तिथल्या काही डॉक्टरांनी वेगळा विचार केला: खाटा वाढवत बसण्यापेक्षा खेड्यातल्या आरोग्य सेवकाला आणि प्राथमिक केंद्राच्या डॉक्टरला हे काम शिकवता येईल का? त्यासाठी त्यांनी शहराबाहेर, आनेकल तालुक्याच्या बाजूला सकलवारा नावाच्या गावात केंद्र काढलं. बन्नेरघट्टच्या प्राणीसंग्रहालयाला जाणारे लोक त्याच भागातून जातात आणि त्यांना पत्ताही नसतो. तिथं जमलेलं काम 1985 मध्ये बळ्ळारी या अख्ख्या जिल्ह्यात करून बघितलं, आणि त्याच नमुन्यावर 1996 मध्ये देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. म्हणजे ज्या निम्हान्सकडे आपण धाव घेतो, त्या निम्हान्सनंच चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी ठरवलं की लोकांनी इथवर यायची गरज पडू नये. बळ्ळारीचं नाव मानसोपचाराच्या पुस्तकांत जगभर छापलं जातं. खानापूरच्या फोनवर मात्र ते कुणाच्या तोंडी नसतं.

उपचार गावाजवळच मिळायला हवा, हे आकडेही सांगतात. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत, दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांपैकी फक्त एकाला कसलाही उपचार मिळाल्याचं आढळलं. ही दरी तज्ज्ञांनी भरून निघणार नाही, कारण तेवढे तज्ज्ञ देशात नाहीतच. आणि सगळ्यांना तज्ज्ञ लागतही नाही. गोव्यात डॉ. अभिजित नाडकर्णी आणि ‘संगाथ’ संस्थेच्या मंडळींनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. दारूचा त्रास होण्याइतकं पिणाऱ्या 377 पुरुषांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारासोबत समुपदेशनाच्या जास्तीत जास्त चार बैठका दिल्या. बैठका घेणारे डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नव्हते. शिकवून तयार केलेली स्थानिक माणसं होती. तीन महिन्यांनी त्यांच्यातले 36 टक्के धोक्याच्या पातळीखाली आले, दुसऱ्या गटात 26 टक्के. 2017 मध्ये ‘लॅन्सेट’नं हे छापलं. दहा टक्क्यांचा फरक ऐकायला लहान वाटतो. चार गप्पांच्या खर्चात तो मोठा आहे.

कर्नाटकातल्या खेड्यांत आणखी एक दार आहे, आणि शहरी मंडळी त्याकडे जरा नाक मुरडून बघतात. धर्मस्थळच्या ग्रामविकास योजनेतर्फे भरणारी मद्यवर्जन शिबिरं. गावातल्या मंगल कार्यालयात किंवा देवळाच्या सभागृहात पन्नास-साठ पुरुष आठ दिवस एकत्र राहतात. पहाटे उठणं, योग, भजन, वेळेवर जेवण, तपासणी, समुपदेशन, आणि शेवटी बायकामुलं भेटायला येतात तेव्हा बहुतेक जण रडतात. मला यातलं भजन किती उपयोगी आणि गावासमोर दिलेला शब्द किती उपयोगी, हे वेगळं करता येत नाही. दुसऱ्याचं वजन जास्त असावं असं वाटतं. खरी मोलाची गोष्ट नंतरची: शिबिरातून बाहेर पडलेल्यांची ‘नवजीवन समिती’ गावात नियमित भेटत राहते. पण ज्याला फिट येऊन गेलीय, ज्याला कावीळ आहे, पोटात पाणी झालंय, ज्याला भास होतात, त्याची जागा शिबिरात नाही. त्यानं आधी रुग्णालय गाठावं. तमिळनाडूत चेन्नईच्या टीटीके रुग्णालयानं 1989 पासून मंजक्कुडी या खेड्यात अशी शिबिरं घेतली, डॉक्टर आणि औषधं सोबत नेऊन. ती जोड मला सगळ्यात पटते.

खाजगी केंद्राचं काय? चांगली केंद्रं आहेत, आणि वाईटही आहेत. फाटकावरच्या ‘व्यसनमुक्ती केंद्र’ या पाटीवरून त्यांतला फरक कळत नाही. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा 29 मे 2018 पासून लागू आहे, आणि तो इथं हातात धरायच्या काठीसारखा उपयोगी पडतो. केंद्राची राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी हवी, आणि प्रमाणपत्र दर्शनी जागी लावलेलं हवं. रुग्णाला साखळीनं बांधणं हा गुन्हा आहे. त्याच्या मर्जीशिवाय, जवळच्या माणसाच्या अर्जावर दाखल करायचं झालं, तर एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा तज्ज्ञ किंवा डॉक्टर अशा दोघांनी त्याला स्वतंत्रपणे तपासलेलं असलं पाहिजे. तेही तीसच दिवसांपर्यंत. पुढे ठेवायचं तर पुन्हा तपासणी आणि या कायद्याखाली नेमलेल्या मंडळाची परवानगी. तेव्हा ‘फक्त पत्ता द्या, रात्री गाडी पाठवून उचलतो, सहा महिने भेटायचं नाही’ असं कुणी फोनवर सांगितलं, तर फोन ठेवून द्यावा. एका ओळखीच्या कुटुंबानं तो ठेवला नाही. माणूस चार महिन्यांनी परत आला तेव्हा मनगटांवर वळ होते, आणि दुसऱ्याच दिवशी तो नाइंटी आणायला गेला. डॉक्टर रोज येतो का, रात्री फिट आली तर कुठल्या रुग्णालयात नेता, सुटल्यावर पुढे कोण बघतं, हे तीन प्रश्न विचारून तोंडं बघावीत. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय खात्याच्या अनुदानावर चालणारी केंद्रंही जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. त्यांची माहिती 14446 या क्रमांकावर मिळते.

सीमाभागातल्या मराठी घरांसाठी भाषेचा प्रश्न लहान नाही. उपचारातला मोठा भाग बोलण्याचा असतो. ज्याला स्वतःची लाज सांगायची आहे त्याला ती शिकलेल्या कन्नडमध्ये किंवा मोडक्या हिंदीत सांगायला लावलं की तो ‘हो, हो, सोडतो’ एवढंच म्हणतो. बेळगावहून पुणे बंगळुरूपेक्षा बरंच जवळ आहे. पुण्यात येरवड्याला डॉ. अनिल आणि डॉ. अनिता अवचट यांनी 29 ऑगस्ट 1986 रोजी, पु. ल. देशपांडे यांच्या मदतीनं सुरू केलेलं ‘मुक्तांगण’ आहे, आणि तिथं मराठीत बोलता येतं. रुग्णांच्या बायकांसाठी त्यांचा ‘सहचरी’ गट आहे. नवरा दाखल होऊ दे न होऊ दे, तिनं कुणाशी तरी बोलायला हवं, ही गोष्ट त्यांनी ठासून सांगितली. खानापूरवाल्यांना त्याहूनही जवळ धारवाड, तिथं डिमहान्स ही सरकारी मानसोपचार संस्था आहे. सकाळच्या बसनं जाऊन संध्याकाळी घरी येता येतं.

जवळपणावर माझा एवढा जोर का, ते इथं येऊन थांबतं. दारू थांबवायला आठवडा पुरतो. ती थांबलेली राहायला वर्ष-दोन वर्षं लागतात, आणि त्यात घसरणं होतंच. मुक्तांगणच्या भाषेत ‘स्लिप’. निम्हान्सच्या प्रतिमा मूर्ती आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये बंगळुरूतल्याच गरीब वस्त्यांमधल्या रुग्णांचा अभ्यास छापला. दाखल होऊन गेलेल्यांपैकी ज्यांना वस्तीतच दर आठवड्याला भेटणारं कुणी होतं, ते इतरांपेक्षा चांगले टिकले. एकाच शहरात हा फरक पडतो, तर पाचशे किलोमीटरवरून दर पंधरवड्याला रजा काढून, दोघांचं भाडं भरून कोण येणार? पहिल्या महिन्याला येतात. दुसऱ्याला ‘पेरणी होती’ म्हणून राहतं. तिसऱ्याला फोनही नसतो.

औषधांबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बसस्टँडच्या भिंतींवर ‘नकळत द्या, दारू सोडवा’ अशी पावडर रंगवलेली असते. कित्येक घरांत डायसल्फिरामच्या गोळ्या कुटून भाजीत घातल्या जातात. या औषधावर दारू प्यायली की चेहरा लाल होतो, ओकाऱ्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. माहीत असलेला माणूस त्या भीतीनं पीत नाही, हाच त्या औषधाचा उपयोग. ज्याला माहीतच नाही तो पितो, आणि हृदय कमकुवत असेल तर जिवावर बेततं. शिवाय कळल्यावर तो बायकोच्या हातचं जेवण सोडतो ते वेगळंच. नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशी ओढ कमी करणारी औषधं आहेत. तीही माणसाला सांगून, यकृत-मूत्रपिंड तपासून, डॉक्टरांनीच द्यायची.

गांजा, गोळ्या, ब्राउन शुगर यांची गोष्ट थोडी वेगळी. पोलीस धरतील या भीतीनं घरचे लपवतात. पण अल्प प्रमाणात स्वतःसाठी बाळगल्याचा गुन्हा असला, तरी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला जाणाऱ्याला अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम 64-अ प्रमाणे खटल्यापासून संरक्षण मिळतं. आणि अफूच्या जातीचं काही घेणारा महिनाभर थांबून पुन्हा जुन्याच मात्रेत घेतो तेव्हा मरण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो. केंद्रातून सुटल्यानंतरचे दिवस म्हणूनच सांभाळायचे.

मग निम्हान्सला कधी यायचं? तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली तर. दारूसोबत भास, आत्महत्येचे विचार, वारंवार फिट, आठवण जाणं असं काही असेल तर. किंवा जवळ दोनदा प्रामाणिक उपचार होऊनही टिकलं नाही तर. तिथं व्यसनोपचाराचा स्वतंत्र विभाग आहे, अनुभवी माणसं आहेत. येताना जुने कागद, सुरू असलेली औषधं आणि एक न पिणारा माणूस सोबत आणा, आणि परतल्यावर दर पंधरवड्याला कुणाला भेटायचं त्याचं नाव इथल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आज रात्रीच काही विचारायचं असेल तर 14416 लावा. हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक. 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालेली सेवा चोवीस तास, फुकट, आणि मराठीतही बोलता येतं. फिट आली किंवा शुद्ध हरपली तर मात्र तिथं नाही, 108 ला. फोन करण्याआधी कागदावर एवढं लिहून ठेवा: रोज किती डबे, किती वर्षांपासून, शेवटचा घोट किती वाजता, पूर्वी फिट आली होती का. पलीकडचा माणूस पहिल्यांदा हेच विचारतो.